फडाची मालकीण आणि ऑपेराची नायिका

तमाशात स्त्रीची सोंगे पूर्वी ‘नाच्या पोऱ्या’, म्हणजे स्त्रीवेष घेऊन नाचणारा मुलगा, वठवीत असे. ही रीत मोडणाऱ्या पहिल्या स्त्रियांत संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळाबाई भालेराव यांची गणना होते, आणि शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडाला, म्हणजे तमाशा मंडळीला, लोटणारी गर्दी कवनाइतकीच पवळाबाईंसाठीही असे. युरोपातही बरोक काळात, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांत, पोपच्या रोममध्ये स्त्रियांना रंगमंच बंद असल्याने ऑपेरातील, अर्थात गायलेल्या नाटकातील, नायिकाही पुरुषच गात. बालपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिलेला नसे, असे हे ‘कास्त्राती’ गायक होते.

लंडनमध्ये मात्र स्त्रिया गात, आणि तेथे फ्रान्चेस्का कुझोनी व फाउस्तिना बोर्डोनी या दोन सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीच्या गायिका, एकाच कंपनीत आल्या, तेव्हा संगीतकार हेंडेलला ‘अलेस्सांद्रो’ (१७२६) रचताना दोघींच्या वाट्याची गाणी तोलून मापून द्यावी लागली. ६ जून १७२७ रोजी बोनोंचिनीच्या ‘अस्तियानात्ते’ या ऑपेराच्या प्रयोगात राजघराण्यातील कॅरोलाइनच्या देखत दोन्हीकडच्या चाहत्यांनी शिट्ट्या आणि आरडाओरड्याने नाट्यगृह डोक्यावर घेतले. गायिकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्याची कथा चवीने सांगितली जाते. पण दंगा प्रेक्षकांचा होता, आणि त्याचे खापर बायकांच्या माथी फोडणे पत्रकबाजांना सोयीचे होते.

तमाशात सामना मुळातच मान्य आहे: शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले सवाल-जवाबात एकमेकांना कोड्यात पकडत. पुढे तंबूच्या तमाशांच्या काळात नारायणगावच्या विठाबाई आणि संगमनेरला स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर ही आघाडीची नावे ठरली. पती तुकाराम खेडकर यांच्या निधनानंतर कांताबाईंनी स्वतःचा फड उभारला, आणि वगात, म्हणजे तमाशातील कथानाट्यात, पुरुषभूमिकाही गाजवल्या.

लंडनच्या गायिका मात्र पगारी होत्या. त्यांच्या भारी मानधनाचाही बोजा पडलेली त्यांची कंपनी, रॉयल ॲकॅडमी, १७२८ मध्ये बंद पडली, तरी तोटा भागधारकांच्या खिशाला बसला. कांताबाई नायिकाही होत्या आणि मालकीणही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी यात्रेसाठी सुपारी, म्हणजे खेळाचा करार, ठरवायला येतात, आणि तिथे नाव चालले नाही, तर वादक, सोंगाडे आणि गाड्यांचा वर्षभराचा खर्च मालकिणीलाच कर्ज काढून भागवावा लागतो.