विश्लेषण : जुन्या पिकअपमध्ये दुसरे इंजिन बसवले की गाडी पळते का? आरटीओचे नियम काय सांगतात?

विलीजच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेली जुनी एफसी १५० पिकअप पनवेलहून बोरघाट चढवायची म्हटले की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो इंजिन बदलण्याचा. पण गाडीचा वेग अडतो तो अनेकदा इंजिनामुळे नव्हे, तर त्याच्या मागच्या गिअरमुळे.

या गाडीत साधारण २२०० सीसीचे, ७५ अश्वशक्तीचे 'हरिकेन' पेट्रोल इंजिन आणि तीन गिअर. तिसऱ्या गिअरला इंजिन जितके फिरते तितकाच शाफ्ट फिरतो. पुढे डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाचे पाचहून अधिक फेरे. चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर धरला तर ताशी ८० किमीला इंजिन मिनिटाला ३१०० फेरे मारते. कानठळ्या बसतात त्या यामुळे.

डिझेल इंजिन बसवले तर?

महिंद्राच्या जीपमधले २११२ सीसीचे प्यूजो डिझेल बसवले तरी डिफरन्शियल तेच, त्यामुळे फेरेही तेच. मायलेज सुधारते, पण अश्वशक्ती उलट कमी होते. घाटात हा सौदा महागच!

खरा फरक पाच गिअरच्या गिअरबॉक्सने पडतो. मात्र त्यासाठी अ‍ॅडॉप्टर प्लेट, क्लच, प्रॉपेलर शाफ्टची लांबी असे सगळेच जुळवावे लागते. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर ट्रान्सफर केसच्या मागे बसणारे ओव्हरड्राइव्ह हा सुटसुटीत मार्ग आहे. त्याने फेरे सुमारे २५ टक्क्यांनी घटतात. ८० किमीला ३१००चे २३००. मूळ इंजिन जागेवरच राहते. वेग वाढवणार असाल तर आधी ड्रम ब्रेक तपासा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केले. बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक हवा असेल तर आणखी जपावे लागते. २०२१च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी, बिगर-व्यावसायिक आणि मूळ स्वरूपातली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला मात्र ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

त्यामुळे जुने इंजिन कळंबोलीच्या भंगारात देण्याआधी पनवेल आरटीओत आरसी घेऊन एक चक्कर मारा.