काउंटरमागील कामाचे मोल

नेक्स्ट ही ब्रिटनमधील कपड्यांच्या दुकानांची एक मोठी कंपनी. तिच्या साडेतीन हजारांहून अधिक आजी-माजी विक्री कर्मचाऱ्यांनी, प्रामुख्याने स्त्रियांनी, सहा वर्षे चालविलेल्या दाव्याचा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील रोजगार न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने दिला. त्यांची तक्रार अगदी साधी होती. दुकानात कपडे विकणाऱ्यांपेक्षा गोदामात तेच कपडे हलविणाऱ्यांना तासाला अधिक वेतन मिळत होते. विक्रेत्यांमध्ये साडेसत्त्याहत्तर टक्के स्त्रिया होत्या. गोदामात पुरुष निम्म्याहून काहीसे अधिक.

कंपनीचा बचाव आपल्याकडील कोणत्याही पेढीवर ऐकू येईल असाच होता. गोदामासाठी माणसे हवी असतील तर बाजारातील चढा दर द्यावा लागतो. दुकानासाठी त्याहून कमी दरात माणसे मिळतात. मग अधिक का द्यावे? स्त्रियांना जाणूनबुजून कमी लेखण्याचा कंपनीचा हेतू होता, असे न्यायाधिकरणाने म्हटले नाही. खर्च आटोक्यात ठेवून नफा वाढवावा, एवढाच तिचा हेतू होता. परंतु स्त्रियांवर होणाऱ्या अन्यायाचे समर्थन करण्यास तेवढे कारण पुरेसे नाही, असा निर्वाळा त्याने दिला. कंपनीने अपिलाचा मनोदय जाहीर केला.

बाजारभाव हा पावसासारखा आकाशातून पडत नाही. मुलांची शाळा आणि घरचा स्वयंपाक सांभाळून जवळच्या दुकानात चार-सहा तास काम मिळते का, हे पाहणाऱ्या स्त्रीपुढे पर्यायच थोडे असतात. त्या अडचणीतून जो दर ठरतो, त्यालाच पुढे तिच्या कामाची योग्यता समजले जाते. गिऱ्हाइकाचा राग गिळणे, गल्ल्याचा हिशेब चोख ठेवणे, चोरीवर नजर ठेवणे, दिवसभर उभे राहणे यांची गणना मग श्रमात होतच नाही. खोके उचलणे मात्र डोळ्यांना दिसते.

हा वाद ब्रिटनमध्ये जुना आहे. १९६८ साली डॅगनम येथील फोर्ड कारखान्यात मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी, आपले काम अकुशल ठरविले म्हणून, संप केला. त्यातून १९७० चा समान वेतन कायदा आला. पण त्यांच्या शिवणकामाला हवी ती श्रेणी मिळाली ती १९८४ मध्ये, आणि तीही दुसऱ्या संपानंतर! त्याच वर्षापासून तेथील कायद्यात ‘समान मोलाचे काम’ ही कल्पना प्रत्यक्षात आली. जहाजबांधणीच्या गोदीत स्वयंपाक करणाऱ्या एका स्त्रीने आपली तुलना रंगारी व सुतार यांच्याशी केली आणि १९८८ मध्ये ती उमरावांच्या सभागृहापर्यंत जाऊन जिंकली. अॅस्डा या किराणा साखळीतील दुकान-कर्मचाऱ्यांना गोदामातील कामगारांशी तुलना करण्याची मुभा २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिली ती याच वाटेने. ही मुभा म्हणजे विजय नव्हे. कामाचे मोल समान ठरल्यावरही वेतनातील फरकाला स्त्री-पुरुष भेदाशी संबंध नसलेले कारण आहे, असे सिद्ध करण्याची संधी कंपनीला उरतेच.

आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळे. ते प्रकरण १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने मालकाची ऐपत वा कामगार संघटनेशी झालेला करार ही सबब मानली नाही. निकाल निःसंशय मोठा होता. परंतु तेथे दोन्हीकडे लघुलेखकच होते. आपला कायदा ‘तेच किंवा तत्सम स्वरूपाचे काम’ एवढेच पाहतो, आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तीच मर्यादा पाळली आहे. वस्तुतः समान मोलाच्या कामाला समान वेतन हे तत्त्व सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०० क्रमांकाचा करार भारताने १९५८ मध्येच स्वीकारला आहे.

याचा परिणाम असा की, कापडाच्या मोठ्या दुकानातील विक्रेती शेजारच्या काउंटरवरील पुरुषाशी आपली तुलना करू शकते; त्याच मालकाच्या गोदामातील माणसाशी नाही. काउंटरवर बहुतेक स्त्रियाच असतील तर तुलनेला पुरुषच उरत नाही, आणि वेतन कितीही कमी असले तरी ते कायद्याने समानच ठरते. किमान वेतनाचा कायदा तिला तळ देतो. पण त्या तळाच्या वर तिच्या कामाची किंमत काय, हे सांगत नाही. केरळमधील दुकानांत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना नुसते बसता यावे म्हणूनही कोझिकोडच्या विक्रेत्या स्त्रियांना संघटना बांधावी लागली, आणि २०१८ मध्ये कायदा बदलावा लागला. उभे राहण्याचे कष्ट मान्य होण्यास इतका काळ लागला, तर त्यांचे मोल कोण करणार?

संहितेत ‘समान मोलाचे’ हे शब्द घालणे हे संसदेला अवघड नाही. त्यापुढचे काम अधिक कठीण आहे. कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांचे माप घेणारे स्वतंत्र तज्ज्ञ नेमावे लागतील, मोठ्या मालकांना प्रत्येक श्रेणीचे वेतन उघड करावे लागेल, आणि दावा करणाऱ्या विक्रेतीची नोकरी दावा चालू असेपर्यंत सुरक्षित ठेवावी लागेल. नेक्स्टचा दावा सहा वर्षे चालला. आपल्याकडे तेवढा काळ मालकाच्या डोळ्यांदेखत काउंटरवर टिकून राहणारी स्त्री आज सापडणे कठीण आहे.