निकेल : पोटातले आणि श्वासातले

रसशास्त्राच्या लोहवर्गात निकेलला स्थान नाही. स्वीडनच्या क्रोन्स्टेट यांनी 1751 मध्ये हा धातू प्रथम वेगळा केला. असे असले तरी वैद्याच्या व्यवहारात तो परका मुळीच नाही. काढा उकळण्याचे पोलादी पातेले, चूर्णयंत्राचे पाते, रुग्णेच्या कानातील खोटे डूल यांत तो असतोच. 1950 सालचा रुपया तर निखळ निकेलचा होता. ‘निकेलने कर्करोग होतो म्हणतात, मग स्टीलच्या भांड्यात काढे करावेत की नाही?’ असा प्रश्न फार्मसीचालकांकडून वारंवार येतो. प्रश्न रास्त आहे, मात्र तो चुकीच्या जागी विचारला जातो. निकेलचा कर्करोगाशी सिद्ध झालेला संबंध हा प्राणवह स्रोतसाचा आहे, अन्नवह स्रोतसाचा नव्हे.

प्रथम त्याचे जीवनकार्य पाहू. आपल्या अबईच्या कुळातील जॅक बीनच्या बियांतून जेम्स समनर यांनी 1926 मध्ये युरिएज हे विकर स्फटिकरूपात मिळवले. विकरे ही प्रथिने असतात, हे त्यातून प्रथमच दाखवता आले. गंमत अशी की, त्या स्फटिकांत निकेल आहे हे कळायला 1975 साल उजाडावे लागले. वनस्पती व कित्येक सूक्ष्मजीव यांना निकेल आवश्यक आहे. मानवी शरीरात मात्र निकेलवर चालणारे एकही विकर आजवर सापडलेले नाही. आपल्या आमाशयात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूला ते हवे असते. निकेलयुक्त युरिएजच्या साहाय्याने तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि आम्लाच्या धगीत तग धरतो. याच जंतूला 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आमाशयाच्या कर्करोगाचे कारण म्हणून पहिल्या वर्गात घातले. म्हणजे निकेलची गरज यजमानाला नाही, बिनबोलावलेल्या पाहुण्याला आहे!

आता त्या कर्करोगाकडे वळू. वेल्समधील क्लायडॅक येथे 1902 मध्ये माँड यांचा निकेल शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. तेथील कामगारांत नासाकोटरांचा कर्करोग दिसू लागल्याची नोंद 1930 च्या दशकाच्या आरंभी झाली. हा रोग सर्वसाधारण लोकांत इतका विरळ की, एका कारखान्यात तो पुनःपुन्हा दिसणे डोळ्यांत भरले. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाणही तेथे वाढलेले होते. प्रारंभी संशय निकेल कार्बोनिल या विषारी वायूवर होता. परंतु तो वायू न वापरणाऱ्या नॉर्वेतील क्रिस्टियनसाँ येथील कारखान्यातही तेच रोग आढळले, तेव्हा खनिज भाजताना उडणाऱ्या धुळीकडे लक्ष गेले. रिचर्ड डॉल यांनी क्लायडॅकच्या कामगारांचा पद्धतशीर अभ्यास केला. धुळीला आवर घातल्यानंतर रुजू झालेल्यांत नाकाचा कर्करोग जवळजवळ दिसेनासा झाला, हे त्यातील मोलाचे निरीक्षण होय. 1990 मध्ये निकेलची संयुगे पहिल्या वर्गात, तर धातुरूप निकेल ‘संभाव्य’ या खालच्या वर्गात ठेवले गेले.

संप्राप्ती अशी. सल्फाइड वा ऑक्साइडचा न विरघळणारा सूक्ष्म कण पेशी गिळते, आतील आम्लात तो हळूहळू विरघळतो आणि निकेल केंद्रकापर्यंत पोहोचते. तेथे ते जनुकांचे लेखन फारसे बदलत नाही. लोहावर चालणाऱ्या काही विकरांतील लोहाची जागा बळकावते. त्यामुळे जनुके गुंडाळलेल्या प्रथिनांवरील खुणा पुसल्या जात नाहीत, रक्षक जनुके मुकी होतात. शिवाय डीएनएच्या दुरुस्तीतही अडथळा येतो.

पोटातून गेलेल्या निकेलने मनुष्यास कर्करोग झाल्याचा पुरावा नाही. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपाशीपोटी पाण्यातून घेतलेल्या निकेलपैकी सुमारे 27 टक्के शोषले गेले, अन्नातून घेतलेल्यापैकी एक टक्काही नाही. औषधसेवनकालाचा विचार करणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. औषधातील निकेलची आंतरराष्ट्रीय दैनिक मर्यादा तोंडावाटे 200 मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, श्वासावाटे अवघी 5 ते 6.

तेव्हा पातेल्याची चिंता अल्प. 18-8 जातीच्या पोलादात आठ टक्के निकेल असते. आंबट द्रव्यात ते किंचित उतरते, नव्या भांड्यातून अधिक, पुढे कमी. म्हणून नव्या भांड्यात चार-पाच वेळा आंबट पाणी उकळून टाकावे. बेंबीखाली पँटच्या बटणाएवढा चट्टा घेऊन येणाऱ्या रुग्णास मात्र निकेलचे असात्म्य असू शकते. अशांना काजू, कोको, सोयाबीन यांविषयीही विचारावे.

खरी चिंता खलाची व चाळणीची. सडबरीच्या खाणींत ताम्रमाक्षिकासोबतच निकेलचे मुख्य खनिज पेंटलँडाइट सापडते. माक्षिकाचा उगम कोणता, हे व्यापारी सांगत नाही. निर्यातीच्या वनौषधींसाठी 1 जानेवारी 2006 पासून जी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली, तीत शिसे, पारा, आर्सेनिक व कॅडमियम आहेत, निकेल नाही. माक्षिकाच्या प्रत्येक खेपेसाठी ते वेगळे मागून घ्यावे. कोरडे कुटणे व चाळणे बंद जागेत करू नये, आणि ते काम करणाऱ्याच्या तोंडावर खांद्यावरचा पंचा नव्हे, धूळरोधक मुखपट्टी असावी. भावना देऊन केलेले मर्दन त्या मानाने निर्धोक. ओला कण उडत नाही.

आणखी एक. स्टीलचे वेल्डिंग किंवा धातुशुद्धीचे काम केलेला रुग्ण एकाच नाकपुडीचा अवरोध वा वारंवार रक्तस्राव सांगत आला, तर जुनाट प्रतिश्याय समजून थेट नस्य सुरू करू नये. काम सोडून वीस-तीस वर्षे झाली असली तरी आधी नासादर्शकाने तपासणी करवून घ्यावी.