लुंबिनीला निघताय? आधी मतदार ओळखपत्र शोधा

गडचांदूर परिसरातले उपासक-उपासिका धम्मयात्रेत लुंबिनीलाही जातात. पण सोनौलीची कमान ओलांडली की आपण परदेशात असतो. सोबत जाणाऱ्या तरुणांनी एवढे सांभाळावे, असे आम्हाला वाटते.

कागदपत्रे : नेपाळला व्हिसा लागत नाही. मात्र पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र जवळ हवे. केवळ आधारवर विसंबू नका.

पैसे : भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०. भाव ठरवताना ‘आयसी की एनसी?’ असे विचारा. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. मोठ्या नोटांऐवजी १०० च्या नोटा न्या.

फोन : आपले सिम रोमिंगशिवाय चालत नाही. प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात मुक्कामाचा पत्ता व गटप्रमुखाचा नंबर लिहून ठेवा. घड्याळ १५ मिनिटे पुढे करा.

भाषा : नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे पाट्या वाचता येतात. हिंदीही समजते. दुकानदाराला ‘दाइ’ म्हणा, म्हणजे मोठा भाऊ, बाईंना ‘दिदी’.

आयुष्यभर मजुरी करून साठवलेल्या पैशांतून एखादी आजी लुंबिनीला निघते. एका कार्डावाचून तिला सीमेवरून परतावे लागू नये, ही जबाबदारी आपली.