पहिल्या ‘सीक्यू’च्या शेजारी कोण?

रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या एखाद्या मुलीला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, व्हायचं असेल, तर कायद्याची फारशी आडकाठी नाही. वय 12 पूर्ण असावं आणि केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची परीक्षा द्यावी. रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्सचीही अट नाही. घोडं अडतं ते त्यानंतर. परवाना भिंतीवर, सेट टेबलावर, बोट माइकच्या बटणावर. आणि तोंडातून शब्द फुटत नाही.

हॅम रेडिओवर लिहिताना आपण बहुधा धामधुमीचे प्रसंग सांगतो. 1942 साली मुंबईत गुप्तपणे चाललेल्या काँग्रेस रेडिओचा प्रक्षेपक उभा करण्यात नरिमन प्रिंटर या हॅमचा हात होता. 2004च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून संदेश पाठवणाऱ्या भारती प्रसाद हौशी प्रक्षेपणासाठीच तिथे गेलेल्या होत्या. पण संकटाच्या दिवशी कुणी शिकत नसतं. संथ, स्पष्ट बोलणं आणि दुसऱ्याचं नीट ऐकणं आधीच्या शांत संध्याकाळी अंगवळणी पडलेलं असावं लागतं, आणि तिथेच शिकवणाऱ्याची खरी कामगिरी असते.

अमेरिकेत अशा शिकवणाऱ्याला ‘एल्मर’ म्हणतात. ‘क्यूएसटी’ मासिकाने 1971 साली हे नाव रूढ केलं. आपला ‘गुरू’ शब्द इथे जरा जड होतो. त्यापेक्षा हॅम मंडळींचं ‘ओएम’ बरं. म्हणजे ओल्ड मॅन, पण वयाशी संबंध नाही. बारावीतल्या पोरालाही ओएमच म्हणतात.

परीक्षेची तयारी करून घेणं त्यामानाने सोपं. प्रश्नांना ठरलेली उत्तरं असतात. अँटेना बांधायला मात्र कुणीतरी सोबत लागतं. 7 मेगाहर्ट्झच्या डायपोलला सुमारे 20 मीटर तार पुरते, मधोमध तोडलेली. ती निंबाच्या झाडावरून फार उंच नाही अशी ताणली, तर दिवसा लहरी वर जाऊन आयनमंडलावरून परततात आणि काही शे किलोमीटरच्या टापूत उतरतात. विजेच्या उपकरणांचा खरखराटही शहरापेक्षा गावात कमी. केनवडची ही जमेची बाजू शहरातल्या हॅमला हेवा वाटावा अशी आहे.

पुढे जनरल वर्गासाठी मोर्स शिकायचा, तर कागदावरचे ठिपके-रेघा पाठ करणं मला चुकीचं वाटतं. तबल्याचे बोल तोंडाने घोकतात, तसा तो कानाने शिकावा. ‘सीक्यू’, म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाही घातलेली साद, मोर्समध्ये दा-डि-दा-डि, दा-दा-डि-दा अशी येते. एकदा लय बसली की अक्षरं मोजावी लागत नाहीत.

बोलण्याआधी आठवडाभर नुसतं ऐकायला लावणारा ओएम मला सर्वांत पसंत. मग एका सकाळी तो शेजारी बसतो. ओळखीच्या हॅमला आधीच सांगून ठेवलेलं असतं. तो पलीकडून मुद्दाम सावकाश बोलतो, कॉलसाइन पुन्हा विचारतो. दोन मिनिटांत संपर्क होतो. लॉगवहीतल्या पहिल्या नोंदीत वेळ मात्र हमखास चुकते: मनगटावरच्या घड्याळातली लिहिलेली असते, यूटीसी या जागतिक वेळेसाठी साडेपाच तास वजा करायचे राहून गेलेले असतात.