वर्गणी आणि हप्ता

परदेशी बिऱ्हाड : लेखांक ७

नांदेडहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी ऑक्टोबरमध्ये एमएससाठी जर्मनीत आखेनला निघाली आहे. एजंटाने तिला महिना पस्तीस युरोंचा आरोग्यविमा सुचवला आहे. विद्यापीठाच्या कागदांत ज्याचा उल्लेख आहे त्या विम्याला मात्र महिन्याला दीडशेच्या आसपास पडतात. वर्षाचा फरक लाखाच्या पुढे जातो. मुलीसाठी कर्ज काढलेल्या माणसाने हा हिशेब करायचा नाही तर कोणी करायचा? त्यांचा प्रश्न सरळ आहे : स्वस्तातला घेतला तर चालेल का?

व्हिसा मिळायला चालेल. विद्यापीठात नाव घालायलाही बहुधा चालेल. तरी माझं उत्तर ‘घेऊ नका’ असंच आहे, आणि ते का, हे सांगायला आजचा लेखांक लागेल. नोकरीसाठी जाणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण दोघांची गाठ एकाच कायद्याशी आहे.

आधी डोक्यातला मेडिक्लेम बाजूला ठेवू. आपल्याकडे विमा म्हटला की पहिला प्रश्न असतो, ‘कव्हर किती?’ पाच लाख की दहा लाख. मग हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत आहे का, चोवीस तास दाखल व्हावं लागेल का. जर्मनीच्या मुख्य विम्यात यातलं काहीच नसतं. रकमेची मर्यादा नाही. साध्या तापासाठी घराजवळच्या डॉक्टरकडे गेलात तरी खिशातलं कार्ड द्यायचं आणि यायचं. चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे पाच ते दहा युरो भरावे लागतात आणि हॉस्पिटलात दिवसाला दहा युरो, तेही वर्षाला फार तर २८ दिवसांचे. अठरा वर्षांखालच्या मुलांना तेवढेही नाहीत.

या विम्याला आपली मंडळी ‘सरकारी’ म्हणतात, पण तो सरकार चालवत नाही. तो चालवतात क्रांकनकासे. शब्दशः आजारपणाच्या पेढ्या. कायद्याच्या चौकटीत राहून स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या या संस्था आज शंभराच्या आत उरल्या आहेत. टीके, एओके, बार्मर, डीएके ही त्यांतली मोठी नावं. बिस्मार्कच्या सरकारने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, तिथून ही व्यवस्था सुरू झाली. तेव्हा वर्गणीचे दोन भाग कामगार भरायचा आणि एक भाग मालक. बार्मर या नावात अजून बार्मेन हे जुनं गाव शिल्लक आहे, जे पुढे वुपर्टाल शहरात मिसळून गेलं. आज देशातले जवळजवळ नव्वद टक्के लोक कुठल्या ना कुठल्या क्रांकनकासेत आहेत.

वर्गणी हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. क्रांकनकासेत तुम्ही जे भरता तो विम्याचा हप्ता नव्हे. वर्गणी मिळकतीवर ठरते. तुम्ही तिशीचे की पन्नाशीचे, मधुमेह आहे की नाही, मागे ऑपरेशन झालं होतं का, हे कोणी विचारतच नाही. दुसरा मार्ग प्रिवाट, म्हणजे खासगी विम्याचा. तिथे मात्र हप्ता असतो आणि तो तुमच्या शरीरावर ठरतो : किती वर्षांचे असताना शिरलात, कोणते आजार घेऊन शिरलात. मिळकतीशी त्याचा संबंध नाही. पगार गेला तरी हप्ता तेवढाच. या दोन रीतींतला फरक नीट कळला की पुढचं सगळं सोपं आहे.

आता आकडे. ते दर जानेवारीला बदलतात. हे २०२५चे आहेत. मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के. तिच्यावर प्रत्येक क्रांकनकासेची आपापली जादा वर्गणी, सरासरी अडीच टक्क्यांची. या बेरजेतली निम्मी मालक भरतो. शिवाय म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा, ३.६ टक्के, तोही निम्मा-निम्मा. मूल नसलेल्यांना वयाच्या तेविसाव्या वर्षानंतर त्यात ०.६ टक्के एकट्याने जास्त भरावे लागतात.

वर्षाला ५४,००० युरो पगाराचा, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांचा इंजिनिअर धरा. अविवाहित असताना त्याच्या पगारातून या सगळ्यापोटी सुमारे ४९० युरो कापले जातात. पहिली सॅलरी स्लिप पाहून धक्का बसतो. आम्हालाही बसला होता. मग लग्न होतं, बायको येते, मूल होतं. बायको नोकरी करत नसेल तर ती आणि मूल दोघंही त्याच वर्गणीत येतात, एक युरोही जास्त न भरता. उलट मूल झाल्यावर ते ०.६ टक्के सुटतात आणि कपात ४६५च्या आसपास उतरते. माणसं तीन झाली आणि पैसे कमी झाले! बायकोची महिन्याची कमाई ठरावीक मर्यादेच्या (२०२५ साली ५३५ युरोंच्या) आत असेपर्यंत तिला वेगळी वर्गणी नाही. तिला नोकरी लागली की ती स्वतःची भरते. मुलं शिकत असतील तर पंचविसाव्या वर्षापर्यंत त्यात राहू शकतात.

माझी मुलगी श्टुटगार्टला झाली. दिवस राहिल्यापासूनच्या तपासण्या, प्रसूती, हॉस्पिटलातले चार दिवस, कशाचंच बिल घरी आलं नाही. त्याहून जास्त मनात राहिली ती सुईण. तिला तिथे हेबामे म्हणतात. घरी आल्यावर पहिले दहा दिवस ती रोज यायची. बाळाचं वजन करायची, नाळेची जागा बघायची, मला दूध येत नव्हतं तेव्हा शेजारी बसून राहायची. आईला व्हिसा मिळायला उशीर झाला होता, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. त्या दहा दिवसांत ती सुईण माझ्या घरातलंच माणूस होती, आणि तिचे पैसे क्रांकनकासे देत होती. पगारातली कपात त्यानंतर मला कधीच बोचली नाही. बाळंतपणासाठी तिकडे असणाऱ्या मुलींना मी आवर्जून सांगते : हेबामे चौथ्या महिन्याच्या आतच शोधायला लागा. विमा पैसे देईल, पण मोकळी हेबामे मिळणं फार कठीण झालं आहे.

प्रिवाट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ लवकर मिळते, हॉस्पिटलात स्वतंत्र खोली मिळू शकते, दातांचा खर्च चांगला निघतो. पण नोकरदाराला तो घेता येतो तो पगार एका मर्यादेच्या वर असेल तरच. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती, २०२४ साली ६९,३००. ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, नव्याने येणाऱ्यांपैकी ज्यांचा पगार याच्या खाली असतो त्यांना पर्यायच नाही. त्यांनी क्रांकनकासेतच जायचं, फक्त कोणती ते निवडायचं. मर्यादेच्या वर पगार असलेल्याला निवड आहे, आणि चूक तिथेच होते.

आमच्या ओळखीचा एक डोंबिवलीचा मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी म्युनिकला आला. पगार मर्यादेच्या वर, तब्येत ठणठणीत, लग्न व्हायचं होतं. प्रिवाटचा हप्ता वर्गणीपेक्षा बराच कमी पडत होता, त्याने घेतला. तीन वर्षांनी लग्न झालं. बायकोला लहानपणापासून दमा. तिचा हप्ता वेगळा आणि दम्यामुळे चढा. पुढे दोन मुलं, दोघांचे हप्ते वेगळे. मालक काही भाग देत होता, पण त्यालाही वरची हद्द होती. क्रांकनकासेत परत जायचं म्हटलं तर ज्या पगाराने आत घेतलं तोच पगार बाहेर पडू देईना. मर्यादेच्या वर कमावणाऱ्याला नुसती इच्छा आहे म्हणून परत जाता येत नाही. शेवटी त्याने कामाचे दिवस पाचावरून चारावर आणले, पगार मर्यादेच्या खाली आला, आणि छत्तिसाव्या वर्षी सगळं कुटुंब क्रांकनकासेत आलं. मुलं लहान असताना बाबा आठवड्याचा एक दिवस जास्त घरी राहिला, ही त्यातली चांगली बाजू. पण कंपनीत ज्या पदासाठी तो थांबला होता ते दुसऱ्याला गेलं.

हा मार्गही वयाच्या पंचावन्नपर्यंतच. त्यानंतर प्रिवाटमधल्या माणसाला परत यायला कायदा जवळजवळ वाटच ठेवत नाही. म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षीचा हप्ता पाहून ठरवू नका. सदुसष्टाव्या वर्षी पेन्शन सुरू झाल्यावर तोच विमा कसा भरणार, हे त्याच कागदावर मांडून पाहा. जर्मनीत चार-पाच वर्षंच राहून परत यायचं पक्कं असेल तर गणित वेगळं होऊ शकतं. पण असं पक्कं ठरवून आलेली आणि पंधरा वर्षांनीही तिथेच असलेली घरं मी खूप पाहिली आहेत.

एक मुदत लक्षात ठेवा. आयुष्यात पहिल्यांदाच जर्मनीत नोकरीला लागलेल्या आणि पगार मर्यादेच्या वर असलेल्या माणसाला स्वखुशीने क्रांकनकासेत येता येतं, पण तसं तीन महिन्यांच्या आत कळवावं लागतं. घर शोधण्यात, बँकेत खातं उघडण्यात, भाषेच्या वर्गात हे तीन महिने कसे जातात ते कळत नाही.

आता नांदेडच्या पत्राकडे येते.

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला क्रांकनकासेत सवलतीची वर्गणी आहे. शुश्रूषेचा विमा धरून २०२५ साली ती महिन्याला साधारण १४० ते १५० युरोंच्या दरम्यान होती. पस्तीस युरोंची पॉलिसी असते ती मुळात प्रवासविम्याच्या घरची. भाषेच्या कोर्ससाठी किंवा पाहुणा संशोधक म्हणून येणाऱ्यांना क्रांकनकासेत जागा नाही, त्यांना असाच विमा घ्यावा लागतो. पण पदवीच्या विद्यार्थ्याने तो लावून नाव घालायचं तर आधी क्रांकनकासेला ‘मला सूट द्या’ असं लिहून द्यावं लागतं. एजंट हा कागद इतर दहा कागदांबरोबर सहीसाठी पुढे करतो. ही सूट एकदा घेतली की पूर्ण शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका मुलीने मला फोन केला होता. तिने हीच सही केली होती. थायरॉइडचा त्रास तिला बारावीपासून होता, तिथे गेल्यावर तो वाढला. कंपनीने सांगितलं, आजार आधीपासूनचा आहे, आमच्या अटींत बसत नाही. रक्ततपासण्या, तज्ज्ञाची फी, सगळं तिने कॅफेत काम करून भरलं. क्रांकनकासेत तिला कोणी हा प्रश्नच विचारला नसता. ती हुशार मुलगी आहे, शिक्षण पुरं झालं, नोकरी लागताच ती क्रांकनकासेत गेली. पण ती दोन वर्षं तिने आजार अंगावर काढला, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून बाबा, दीडशेचाच घ्या. विमानतळापासून विद्यापीठात नाव लागेपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासविमा घ्या, तो व्हिसालाही लागतो. मुलीला सांगा, सूट हा शब्द ज्या कागदावर असेल त्यावर सही करायची नाही. वय तीसच्या पुढे असलेल्यांची अडचण खरी आहे, त्यांना ही सवलत नाही आणि भारतातून थेट येणाऱ्याला सहसा खासगीच घ्यावा लागतो. त्यांनी निदान आधीचे आजार धरणारी पॉलिसी शोधावी, चार पैसे जास्त पडले तरी. थेट फ्रीलान्स व्हिसावर येणाऱ्या बऱ्याच जणांचंही असंच आहे, कारण स्वखुशीने क्रांकनकासेत यायला आधी त्या व्यवस्थेत काही काळ काढलेला असावा लागतो.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी येताना हे कार्ड भारतात चालत नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार २०१७पासून लागू आहे, पण तो पेन्शनचा आहे, आजारपणाचा नाही. जर्मनीत वर्षाला दहा-वीस युरोंत परदेश-प्रवासाचा आरोग्यविमा मिळतो. तो घ्या, आणि सलग किती दिवसांची सुट्टी त्यात बसते ते वाचा. बऱ्याच पॉलिसी सहा-आठ आठवड्यांवर थांबतात. मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्च क्रांकनकासे देत नाही, तो या छोट्या पॉलिसीत किंवा वेगळा घ्यावा लागतो. हे लिहिताना हात थांबतो, पण मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर त्यासाठी वर्गणी गोळा होताना मी पाहिली आहे.

आणि इथला मेडिक्लेम घाईने बंद करू नका. परत आल्यावर नवी पॉलिसी काढली तर आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड, जो तीन वर्षांपर्यंत असू शकतो, पहिल्यापासून सुरू होतो. पाच वर्षं सलग पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सोडली तर, आजार सांगितला नव्हता एवढ्या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ही पाच वर्षं मोडली तर तीही नव्याने मोजायची. निदान एक साधी पॉलिसी आई-वडिलांच्या पत्त्यावर चालू राहू द्या.

आई-वडिलांवरून बऱ्याच जणांनी विचारलं आहे की तेही मुलाच्या वर्गणीत बसतात का. बसत नाहीत. कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि मुलं, एवढंच तिथला कायदा धरतो. तीन महिन्यांसाठी येणाऱ्या सत्तरीच्या आईचा विमा, त्यातली तीस हजार युरोंची अट आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय, हे पुढच्या आठवड्यात.