हेनेसी, सर जॉन पोप
(८ ऑगस्ट १८३४–७ ऑक्टोबर १८९१). हाँगकाँगचा ब्रिटिश गव्हर्नर (१८७७–८२) व तेथील चिनी प्रजेच्या हक्कांचा पुरस्कर्ता. जन्म आयर्लंडमधील कॉर्क येथे, रोमन कॅथलिक कुटुंबात. पार्लमेंटमध्ये काही काळ (१८५९–६५) सभासद असल्यानंतर तो वसाहतींच्या सेवेत शिरला. बार्बेडोसमध्ये त्याच्या कारकीर्दीत १८७६ साली दंगली उसळल्या. त्यानंतर त्याची हाँगकाँगला बदली झाली.

हाँगकाँगची लोकसंख्या १८८१ मध्ये सु. १,६०,००० होती व त्यांपैकी १,५०,००० हून अधिक लोक चिनी होते. तथापि विधिमंडळात त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. हेनेसीने १८८० मध्ये न्ग चॉय (वू तिंगफांग) या बॅरिस्टरची विधिमंडळावर नेमणूक केली. हा तेथील पहिला चिनी सभासद होय. लंडनच्या वसाहत खात्याने ही नेमणूक तात्पुरतीच मानली. न्ग चॉय पुढे चीनचा अमेरिकेतील राजदूत व परराष्ट्रमंत्री झाला. शहराच्या मध्यभागी यूरोपीय वस्तीत जमिनी व घरे विकत घेण्यास हेनेसीने चिन्यांना मोकळीक दिली. वस्तुसंग्रहालयात चिनी व यूरोपीय प्रेक्षकांसाठी वेगवेगळ्या वेळा ठेवण्याची प्रथा त्याला अमान्य होती. चिनी गुन्हेगारांना फटके मारणे, डाग देणे यांसारख्या शिक्षांनाही त्याचा विरोध होता. चोऱ्या वाढल्या, त्या या सौम्यपणामुळेच, असा आक्षेप घेऊन यूरोपीय रहिवाशांनी १८७८ मध्ये जाहीर सभा भरवली. चिनी पुढाऱ्यांनी मात्र त्याची बाजू घेतली.

स्त्रिया व मुली यांचे अपहरण थांबविण्यासाठी चिनी व्यापाऱ्यांनी १८७८ मध्ये संस्था काढण्याची परवानगी मागितली. तीतून पो ल्युंग कुक ही संस्था उभी राहिली. याच सुमारास मुख्य न्यायाधीश सर जॉन स्मेल याने, गरीब घरच्या मुली घरकामासाठी विकत घेण्याची ‘मुई त्साय’ ही चाल म्हणजे गुलामगिरीच होय, असे ठासून सांगितले. ती धर्मादायाचाच एक प्रकार आहे, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे होते. येथे हेनेसीच्या धोरणाची मर्यादा दिसते. चिनी समाज म्हणून तो ज्यांचे ऐकत होता, ते बहुधा धनिक व्यापारी होते. विकल्या जाणाऱ्या मुलींचा आवाज त्यांत नव्हता. ही चाल पुढे कित्येक दशके टिकली व तिला कायद्याने आळा घालण्याचा प्रयत्न १९२३ मध्ये झाला.

आरोग्याच्या बाबतीतही असेच घडले. घरांच्या बांधणीत व मैला वाहून नेण्याच्या पद्धतीत सक्ती करू नये, असे त्याचे मत होते. ऑझ्बर्ट चॅडविक या अभियंत्याने १८८२ च्या अहवालात दाट वस्तीतील भयानक अस्वच्छता उघड केली; परंतु त्यानंतरही फारशी सुधारणा झाली नाही. १८९४ मध्ये ताइपिंगशान या चिनी वस्तीत प्लेगचा उद्रेक झाला. १८९६ मध्ये मुंबईत आलेली साथ हाँगकाँगहूनच आली असावी, असे मानतात. अर्थात या दुर्लक्षाचा दोष एकट्या हेनेसीकडे जात नाही. घरमालक चिनी असोत वा यूरोपीय, खर्च करण्यास कोणीच राजी नव्हते.

स्वभावाने तो भांडखोर होता व कागदपत्रांच्या बाबतीत निष्काळजी. हाताखालील अधिकाऱ्यांशी व लष्करी सेनापतीशी त्याचे वारंवार खटके उडत. मॉरिशसमध्येही (१८८३–८९) तसेच झाले. १८८६ मध्ये त्याला निलंबित करण्यात आले व पुढील वर्षी परत नेमण्यात आले. १८९० मध्ये तो उत्तर किलकेनीतून पार्नेलच्या उमेदवाराचा पराभव करून पुन्हा पार्लमेंटमध्ये गेला. हाँगकाँगमधील वान चाय भागातील एका हमरस्त्यास त्याचे नाव आहे.